खांबेटे सरांचे अकरा कोटी अंश

कर्वेनगरात आमोद खांबेटे हे नाव घेतलं की समोरचा लगेच विचारतो, "ते अकरा कोटी अंशवाले का?" हो, तेच. आकाशगंगांच्या समूहातल्या वायूचं तापमान मोजणारे. निदान आपण ते मोजलं असं त्यांनी सांगितलेलं आहे, आणि आपल्या गावात एखाद्याने एखादी गोष्ट पुरेशा वेळा माइकवरून सांगितली की तिची शहानिशा करण्यापेक्षा शाल देणं सोपं पडतं.

एकाच कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागातल्या एकाच खोलीत, मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायला माझ्याइतकी योग्य व्यक्ती नाही आणि माझ्याइतकी नाखूशही नाही.

सर नारायण पेठेत वाढले. वडील आप्पासाहेब बँकेत, आई विमलाबाई घरी. मुलगा पाढे लवकर शिकला एवढ्यावरून दोघांनी त्याचं भविष्य ठरवून टाकलं, आणि आल्यागेल्याला ते ऐकवायला सुरुवात केली. मुलगा खरोखरच हुशार होता, हे मला कबूल करायलाच हवं. मठ्ठ माणसाबद्दल मी एवढी शाई खर्च केली नसती. पण शाबासकी आधी आणि काम नंतर, या क्रमाची त्यांना जी सवय लागली ती लागलीच.

एम.एस्सी.नंतर ते एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. तिथे त्यांना एक समूह मिळाला. शेकडो आकाशगंगा एकमेकींच्या ओढीने एकत्र राहतात, त्याला समूह म्हणतात. आणि त्या आकाशगंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत अतिशय विरळ, अतिशय तापलेला वायू भरलेला असतो. बादलीभर जागेत मोजके कण, पण तापमान कोट्यवधी अंश. हे तापमान कसं मोजतात ते थोडक्यात सांगते, नाहीतर सरांनी काय करून ठेवलं ते कळायचं नाही.

तिथे थर्मामीटर नेता येत नाही, हे उघड आहे. तो वायू क्ष-किरणांत चमकतो. उपग्रहावरचा कॅमेरा येणारा एकेक किरण टिपतो आणि त्याची ऊर्जा नोंदवतो. त्यांचा आलेख काढायचा. वायू जितका तापलेला, तितके जास्त ऊर्जेचे किरण जास्त, आणि आलेखाची शेपटी तितकी लांबपर्यंत जाते. त्या शेपटीवरून तापमान. मधल्या उजळ भागात वायूतल्या लोखंडाच्या खुणाही दिसतात, त्यांवरून पडताळा घेता येतो. कडेला मात्र उजेड इतका कमी की शेपटीवरच भिस्त.

आता यातली खोच अशी. अवकाशात भटकणारे कण त्या कॅमेऱ्यावर आदळत असतात आणि कॅमेरा त्यांनाही किरण समजून टिपून ठेवतो. ही भेसळ, जिला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो, नेमकी शेपटीकडे जास्त असते. ती आधी वजा करावी लागते. किराणा दुकानात तेल घेताना डब्याचा धडा करतात, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन वजा करतात ना, तसंच. धडा केला नाही तर डबासुद्धा तेलाच्या भावाने घरी येतो. भेसळ नीट वजा केली नाही तर वायू आहे त्याहून कितीतरी गरम दिसतो, आणि उजेड जिथे कमी तिथे तर सगळा हिशेब भेसळीचाच होऊन बसतो.

त्याच गटात जिनत बागवान होती. गंज पेठेतल्या फळवाल्या बागवानांची मुलगी. तिचं स्वच्छ मराठी ऐकून लोक तिला "किती छान बोलता हो तुम्ही" म्हणत, आणि ती "पाच पिढ्या सराव आहे" असं उत्तर देत असे. गटातलं हे वजाबाकीचं किचकट काम जिनत करायची. प्रत्येक निरीक्षणाची भेसळ वेगळी, त्या त्या दिवसांची, आकाशाच्या त्या त्या तुकड्याची. म्हणून प्रत्येकाची फाइल वेगळी करावी लागे. खांबेट्यांच्या समूहाची फाइल अजून व्हायची होती. पण खांबेट्यांचा एक मावसभाऊ वर्तमानपत्रात होता आणि त्याला विज्ञान दिनासाठी काहीतरी हवं होतं.

पुढे आमची ओळख झाल्यावर जिनतने मला सांगितलं ते असं. खांबेट्यांनी दुसऱ्याच समूहासाठी केलेली फाइल उचलली आणि वजाबाकी उरकली. समूहाच्या मध्यभागी सात कोटी अंश आले, ते ठीक होतं. कडेला तापमान उतरायला हवं, तिथे अकरा कोटी आले.

"आमोद, ही फाइल तुझ्या समूहाची नाहीये," जिनत म्हणाली. "दोन आठवडे थांब, मी करून देते. ही कडा खोटी आहे."

"कशावरून खोटी? तिथे धक्क्याच्या लाटा असतील. वायू आदळून तापला असेल."

"असेल. पण आधी भेसळ तर काढ."

"तुझं म्हणजे वाण्याच्या दुकानातल्यासारखं चाललेलं असतं जिनत. मोठा विचार करावा माणसाने."

माणसाने मोठा विचार केला. वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली की पुण्याच्या तरुणाने धगधगती कडा शोधली. नारायण पेठेत पेढे वाटले गेले. मार्गदर्शक परदेशी होते. ते परत येईपर्यंत बातमी छापून झाली होती आणि मग ती मागे घेण्यापेक्षा शोधनिबंध पुढे रेटणं सगळ्यांना बरं वाटलं. निबंध एका सामान्य नियतकालिकात छापून आला. जगाने त्याचं काय केलं? काहीच नाही. कुणी खोडूनही काढला नाही. या विषयात काम करणाऱ्या माणसांनी आलेख पाहिला, काय झालंय ते ओळखलं आणि पान उलटलं. त्या निबंधाचा उल्लेख पुढे ज्यांनी केला त्यांत मुख्य नाव आमोद खांबेटे यांचंच आहे.

परदेशी संस्थांकडून बोलावणं आलं नाही. खांबेटे आमच्या कॉलेजात शिकवायला लागले, आणि इथे मात्र त्यांचं सोनं झालं.

सोसायट्यांची गणेशमंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळांची स्नेहसंमेलनं, कुणाच्या तरी एकसष्टीनिमित्त ठेवलेलं व्याख्यान. जिथे सतरंजी होती तिथे सर होते. व्याख्यान मी अनेकदा ऐकलं आहे. सुरुवातीला ते विचारत, "उकळत्या पाण्याचं तापमान किती?" लोक म्हणत शंभर. "सूर्याच्या पृष्ठभागाचं?" कुणीतरी सांगे. मग थांबून, आवाज खाली आणून, "आणि मी मोजलंय अकरा कोटी." टाळ्या. पुढच्या वर्षी बारा कोटी झाले. कोथरूडच्या एका कार्यक्रमात मी स्वतः पंधरा ऐकले. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, चार कोटी कुठून आले?"

"अहो मॅडम, श्रोत्यांना गोल आकडा लक्षात राहतो."

"पंधरा गोल कधीपासून झाला?"

ते हसले. त्यांना हसणं छान जमतं.

या सगळ्यात ते वर्गात जेमतेम शिकवत. प्रयोगशाळेत तर फिरकतच नसत. एकदा एका मुलाने विचारलं, सर, वायू एवढा गरम आहे तर त्यात हात घातला तर भाजेल का? चांगला प्रश्न होता. भाजणार नाही, कारण कणच इतके थोडे की हाताला उष्णता द्यायला कुणी नाही. सर म्हणाले, "राख होशील." वर्ग हसला. मी पलीकडच्या खोलीत तास घेत होते, मला ऐकू आलं. ज्या माणसाने याच वायूवर पीएच.डी. केली त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याला हशा हवा होता, तो मिळाला.

मग पूर्णिमा इंगोले आली. वाशीमकडची मुलगी, वारज्यात तिघींबरोबर खोली घेऊन राहायची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्तमानपत्रातलं ते जुनं कात्रण तिच्या शाळेच्या फळ्यावर लागलं होतं म्हणे. सरांचं नाव वाचून तिने आमचं कॉलेज निवडलं होतं. हे तिने मला सांगितलं तेव्हा मला त्या मुलीची कीव आली. तिने प्रकल्पासाठी सरांचाच समूह मागून घेतला. नव्या उपग्रहांची निरीक्षणं आता कुणालाही उतरवून घेता येतात. सरांनी परवानगी दिली, बहुधा न ऐकताच.

तीन-चार महिन्यांनी ती आमच्या खोलीत आली. मी उत्तरपत्रिका तपासत होते, सर मोबाइल बघत होते.

"सर, कडा गरम येत नाहीये."

"कोणती कडा?"

"आपली सर. म्हणजे तुमची. मध्ये सात कोटी येतात, पण बाहेर जाता जाता चारपर्यंत उतरतात. मी तीन पद्धतींनी करून पाह्यलं."

सरांनी मोबाइल ठेवला. चेहरा बदलला नाही, पण कान लाल झाले. मी लाल पेन थांबवलं.

"तुझं काहीतरी चुकतंय."

"हो सर, मलापण तसंच वाटलं. म्हणून तुमचं जुनं निरीक्षण घेऊन त्याची बॅकग्राउंड फाइल नवीन बनवली. तरी चारच येतात. तुमची फाइल कोणती होती सर? पेपरमध्ये लिहिलेलं नाहीये."

"हे बघ इंगोले," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एम.एस्सी.च्या मुलीने छापून आलेला निकाल खोडायचा नसतो. तू बॅकग्राउंड जरा कमी धर. दहा टक्के कमी, वीस टक्के कमी. कडा वर येईल."

"पण सर, तसं का धरायचं?"

"मी सांगतोय म्हणून."

त्या क्षणापर्यंत मी त्यांना उथळ समजत होते. पण वीस टक्के हा आकडा त्यांच्या तोंडून इतका सहज आला, की या माणसाला सगळं ठाऊक आहे हे माझ्या लक्षात आलं. कधीतरी, दार लावून, त्यांनी ती वजाबाकी पुन्हा करून पाहिलेली होती. चार कोटी त्यांनीही पाहिलेले होते. आणि त्यानंतर ते पुढच्या व्याख्यानाला गेले होते.

पूर्णिमा बाहेर पडली. मी तिला जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "तुला आलंय तेच लिही."

"मार्क कापले तर?"

"बाहेरून परीक्षक येतात. लिही."

परीक्षक कोण असावा हे ठरवणं विभागात माझ्याकडे होतं. मी जिनत बागवानला बोलावलं. यात योगायोग काही नाही, मी मुद्दाम केलं. जिनत आता त्याच विषयातली मोठी संशोधक होती आणि तिच्या भेसळीच्या फाइली जगभर वापरल्या जात होत्या. सरांना परीक्षकाचं नाव कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे वा, जिनत! आमची जुनी मैत्रीण." ते म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

तोंडी परीक्षेला पूर्णिमा इस्त्रीचा ड्रेस घालून आली होती. तिने नीट सांगितलं. मध्ये सात, कडेला चार, चुकीची शक्यता इतकी. धगधगती कडा नाही.

"विद्यार्थिनी मेहनती आहे," सर मध्येच म्हणाले. "अनुभव कमी पडतो. शेपटीचा भाग तिने फार छाटलाय, त्यामुळे खरा परिणाम निसटला."

जिनतने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पूर्णिमाला विचारलं, "शेपटी कुठे छाटलीस?"

"कुठेच नाही मॅडम. पूर्ण ठेवली. हा आलेख."

"दिसतंय." मग जिनत सरांकडे वळली. "आमोद, तुझ्या निबंधात बॅकग्राउंड कुठलं होतं?"

त्या वेळी ते एवढं म्हणू शकले असते की घाई झाली, चूक झाली. तिघीच तर होतो आम्ही. कुणी बातमी छापणार नव्हतं. पूर्णिमाच्या मनात तर त्यांची किंमत वाढली असती. सर खुर्चीत जरा सरळ बसले आणि म्हणाले:

"बॅकग्राउंडची फाइल तुझीच होती, जिनत. चूक असेल तर मुळात तिथे असेल. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

मला वाटलं जिनत चिडेल. ती हसली. थट्टेचं नव्हे, फार दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं आणि ते तसंच निघावं, तसं.

"फाइल माझीच होती. दुसऱ्या समूहाची होती. तेव्हा सांगितलं होतं तुला, समोर उभं राहून. असो. पूर्णिमा, छान काम आहे. पुढे काय करणार?"

एवढंच. पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलत राहिल्या आणि सर समोरच्या पाण्याच्या पेल्याशी खेळत बसले. पूर्णिमाला उत्तम गुण मिळाले. सरांनी सही केली.

संध्याकाळी ते पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभे होते. हेल्मेट हातात.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम बोलावलंत तिला."

"हो."

"मला सगळं कळतं हो. पण माझ्याकडे दुसरं आहे काय? तेवढा एक आकडा आहे. आई अजून शेजाऱ्यांना सांगते. बायकोच्या माहेरचे मला त्यावरून ओळखतात."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस घरी जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागेल. वय काही गेलं नव्हतं. डोकं शाबूत होतं. निरीक्षणं फुकट उपलब्ध होती, शेकडो समूह कुणीतरी मोजण्याची वाट बघत पडले होते.

"मग दुसरा मोजा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना झाडूकाम सुचवलं होतं. मग त्यांनी हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली.

भाद्रपदात वारज्याच्या एका मोठ्या सोसायटीत त्यांचं व्याख्यान होतं. माझी बहीण तिथे राहते, तिने आग्रहाने नेलं. विषय वाचून मी गेले, नाहीतर गेले नसते. फलकावर लिहिलं होतं: 'थंड होत चाललेलं विश्व: एक नवा शोध'.

सर फॉर्मात होते. उकळतं पाणी झालं, सूर्य झाला. मग आवाज खाली आला. "पंधरा वर्षांपूर्वी मी या समूहाची कडा मोजली, तेव्हा अकरा कोटी अंश होती. यंदा माझी विद्यार्थिनी पूर्णिमा इंगोले हिने माझ्या मार्गदर्शनाखाली पुन्हा मोजली. किती आले असतील? चार कोटी! मंडळी, अवघ्या पंधरा वर्षांत सात कोटी अंश! विश्व डोळ्यांदेखत निवतंय."

सभागृहात 'अबब' असा आवाज उठला. एका आजोबांनी हात वर करून विचारलं, याचा पृथ्वीवरच्या हवामानावर काय परिणाम होईल? सर म्हणाले, "फार महत्त्वाचा प्रश्न. त्यावर आमचा विचार चालू आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो कडेचा वायू इतका विरळ आहे की त्याला निवायला विश्वाचं आजवरचं सगळं वय पुरणार नाही. पंधरा वर्षांत तो जेवढा निवतो तेवढं मोजणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही आणि करणारही नाही. हे खांबेट्यांच्या स्वतःच्या प्रबंधात, पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं आहे, आणि चांगलं लिहिलेलं आहे.

शाल, श्रीफळ झालं. चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या तोंडून काही निघायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, यात कुणाचंच चुकलं असं होत नाही. तिचंही बरोबर, माझंही बरोबर. बघा ना."

याचा त्यांना खरंच आनंद झाला होता. चेहरा मोकळा दिसत होता, परीक्षेनंतर पहिल्यांदाच. एका माणसाने आपली चूक झाकायला आख्खा आकाशगंगांचा समूह गार करून टाकला होता, आणि वर त्याला आपण मोठ्या मनाने वागलो असं वाटत होतं.

पूर्णिमाला त्या भाषणाची चित्रफीत कुणीतरी पाठवली. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, संतापली होती. "मॅडम, माझं नाव घेतलं त्यांनी. जिनत मॅडमनी हे ऐकलं तर काय वाटेल? मला त्यांच्याकडेच पीएच.डी. करायचीय." मी म्हटलं, जिनतने ऐकलं तर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवेल, तू काळजी करू नकोस. तरी पूर्णिमाने सरांना सरळ निरोप पाठवला की यापुढे माझं नाव घेऊ नका. उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र आलं. पुढच्या व्याख्यानापासून "माझी एक विद्यार्थिनी" एवढंच राहिलं.

पूर्णिमा आता जिनतच्या गटात आहे. तिने पहिल्या वर्षी चार समूह मोजले, त्यातल्या एकाची वजाबाकी चुकली होती, ती तिने स्वतःच शोधली आणि गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितली. जिनतने मला हे फोनवर सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यांच्याकडे ती रोजची गोष्ट आहे.

मी यंदा निवृत्त झाले. विभागप्रमुखाची खुर्ची ज्येष्ठतेनुसार खांबेट्यांकडे गेली. निरोप समारंभात ते माझ्याबद्दल भरभरून बोलले. म्हणाले, "मॅडम माझ्या साऱ्या संशोधनाच्या साक्षीदार आहेत."

मग मला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. मी उभी राहिले, "साक्षीदार आहे हे खरं," असं म्हटलं आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात सर वाजवत होते.